ताटावरचा आडवा हात

आबा, परवा पोराच्या शर्टाच्या डाव्या बाहीला बिअरचा वास आला आणि मला तुम्ही आठवलात. हे ऐकून तुम्ही आधी कपाळाला हात लावाल आणि मग विचाराल, "माजा आन् बिअरचा काय संबंध गं?" आहे संबंध, सांगते. हा नातू तुम्ही पाहिला नाहीत. तुम्ही गेलात त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला तो. आता अकरावीला आहे, भोरला कॉलेजात जातो. मिसरूड फुटलंय, आणि आवाज असा फुटलाय की अंगणातून हाक मारली तर मला वाटतं कुणी पाहुणा आला. कान मात्र तुमचे घेतलेत, भिंतीवर फोटोशेजारी उभा राहिला की कुणीही ओळखावं. कामथडीला आमचं बरं चाललंय. मी कंपनीतल्या पोरांना डबे करून देते, तुमचे जावई टेम्पो चालवतात, माहेरी पासलीला जत्रेला आणि भाताच्या झोडणीला जाणं होतं तेवढंच. खुशाली एवढी पुरे झाली, कारण मला जे सांगायचंय ते लांबणार आहे आणि तुम्हाला लांबण लावलेली आवडत नसे.

तुमच्या वाढण्यापासून सुरू करावं लागेल. आपल्या बाजूला लग्न कुणाचंही असो, पंगत वाढायला तुम्ही. नवरामुलगा उशिरा आला तर लोक सावलीला बसून वाट बघायचे, पण तुम्हाला उशीर झाला की आचारी झारा हातात घेऊन रस्त्याकडे बघत उभा राहायचा. धोतर वर खोचलेलं, एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात वगराळं, आणि तोंडाचा पट्टा चालू. कुणी "नको" म्हटलं की तुम्हाला चेव चढायचा. "आरं, एवढा डोंगुर उतरून आलास त्यो नुसता हात धुवाया व्हय?" पाहुणा हसेपर्यंत त्याच्या भातावर आमटी पडलेली असायची. कुणी म्हणायचा, पोट भरलं आबा. तुम्ही म्हणायचात, "भातानं भरलं आसंल, बुंदीची जागा येगळी आसती." कुणी म्हणायचा, डॉक्टरनं गोड बंद केलंय. तुम्ही वाकून त्याच्या आजूबाजूला बघायचात, "डाक्टर आलाय का लग्नाला? मंग त्याला सांगनार कोन?" माणसं लाजायची, हसायची आणि खायची. आई म्हणायची, ह्या माणसाला नको हा शब्द कुणी शिकवलाच नाही. मला तुमचा इतका अभिमान वाटायचा की पंगतीत मी मुद्दाम कडेला बसायची, म्हणजे तुम्ही जाता-येता माझ्या डोक्याला कोपराचा धक्का लागायचा.

पण तुमचा एक नेम होता, आणि तो मला ज्या दिवशी कळला तो दिवस माझ्या मनगटावर अजून आहे. वरच्या वाडीत शेरडं-मेंढरं राखणाऱ्या एका घरचं लग्न होतं. मी तिसरीत वगैरे असेन. वाढायला तुम्ही होतात आणि तुमच्या जोडीला नवऱ्याकडचा एक हौशी तरुण होता. त्याला तुमच्यासारखा आग्रह करायचा होता. मला आमटी नको होती, मी तोंडानं नको म्हटलं, डावा हात ताटावर आडवा धरला, आणि त्यानं हसत हसत उकळती आमटी हातावरच ओतली. मी किंचाळले. भरल्या पंगतीत तुमचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "हात दिसला न्हाई व्हय रं तुला?" त्याच्या हातातली बादली तुम्ही काढून घेतलीत, ती खाली ठेवलीत, मला उचललंत आणि पाण्याच्या पिंपात माझा हात कोपरापर्यंत बुडवून धरलात. पंगत तशीच ताटकळली होती. आचारी हाका मारत होता, आणि तुम्ही त्याच्याकडे वळूनसुद्धा बघत नव्हता.

मग चुलाणाच्या मागं पोत्यावर बसवून तुम्ही मला सांगितलंत, "त्वांडानं नको म्हनत्यात ते लाजंनं म्हनत्यात, बाये. त्याला वाढायचं. पन हात आला का थांबायचं. मंग त्यो हात बारक्या पोराचा आसू दे न्हाईतर पाटलाचा." मी हुंदके देत विचारलं, "आन् मला नकोच आसंल तर म्या काय सांगू?" तुम्ही हसलात. "काय बी सांगू नको. कारन सांगितलं का आमी वाढपी त्याला उत्तर काढतो, आमचं कामच हाय त्ये. नुसता हात ठेव आन् शेजारनीशी बोलत ऱ्हा." एवढं शिकवून झाल्यावर तुम्ही परातीतली मूठभर बुंदी माझ्यासमोर धरलीत आणि म्हणालात, "आता ह्याला नको म्हनून दाव." मला काही जमलं नाही. सगळी खाल्ली, वर तुमच्या बोटांना चिकटलेली पण खाल्ली.

आता पोराचं. आबा, तुमच्या वेळी माणसं प्यायला जायची तेव्हा प्यायला जातो म्हणायची, नाहीतर काहीच न बोलता नाहीशी व्हायची. आता लोक "बसतात". हे मला माहीत नव्हतं असं नाही, मोठ्या माणसांच्या तोंडी ऐकलं होतं, पण माझं पोरगं कुठं तसलं बसणार, असं माझ्या डोक्यात. एका रविवारी तो म्हणाला, "आई, आज आमी पोरं टेकडीवर बसनार हाय." गणपती जवळ आले होते, मला वाटलं मंडळाचं काहीतरी ठरवायचं असेल. मी म्हटलं, "बसा की, उपाशी काय बसता?" आणि लागले कामाला. शेंगदाणे खमंग भाजले. कांदा-टोमॅटो बारीक चिरून वर लिंबू पिळलं. पापड तळले. खडे टोचतील म्हणून वर चटई पण दिली. पोरगं माझ्याकडं असं बघत होतं की काही विचारू नका. मला वाटलं, आईची माया बघून भरून आलं बिचाऱ्याला.

संध्याकाळी तो आला तो वेलची चघळत, आणि डबा धुऊन आणलेला. जन्मात कधी ह्यानं डबा धुतला नव्हता, मला तिथंच कळायला पाहिजे होतं. तुमच्या जावयांना मी कौतुकानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं येडे, पोरगं प्यायला बसलं आन् तू चकना करून दिलास." आधी ते हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग एकदम उठून आत गेले. पोरावर असे ओरडले की शेजारणीनं टीव्हीचा आवाज कमी केला. मोबाईल काढून घेतला, बोलणं टाकलं. पोरगं मान खाली घालून उभं. दोन घोट घेतले म्हणाला, आवडली पण नाही म्हणाला. आणि मी चटईची गुंडाळी हातात धरून दारात उभी.

मला राग आला होताच, पण खरं सांगू का, त्याहून जास्त भीती वाटली. आमच्या दारासमोर हायवे आहे आबा. पोरं तीन-तीन जणं एका गाडीवर बसून सुसाट जातात, आणि रात्री कर्कश ब्रेक ऐकू आला की ह्या रस्त्याकडेच्या सगळ्या आया अंथरुणात उठून बसतात. आवडली नाही म्हणतो, तरी प्यायला. म्हणजे उद्या कुणी म्हटलं, चल बस गाडीवर, तरी हा बसणार. त्याला नको म्हणता येत नाही, हे माझ्या भीतीचं खरं कारण होतं. आणि त्याच टोळक्यातल्या एका मित्राचा वाढदिवस तोंडावर आला होता. गॉगल लावलेल्या फोटोचा बॅनर फाट्यावर लागला होता आणि धरणाच्या पाण्याकडेला पार्टी ठरली होती.

मी बोलायचं ठरवलं. तो जेवायला बसलेला, मी भाकरी थापत होते. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं मी ऐकून ठेवलं होतं, लिव्हर कसं खराब होतं, मेंदूवर काय होतं, ते सगळं मी घडाघडा म्हणून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "आई, हे शाळेत सांगून झालंय." तव्यावरची भाकरी उलटली आणि खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं, "बरं, मला एवढं सांग, ती पोरं म्हणतात तरी काय?" तो जरा वेळ भाजीत बोट फिरवत राहिला, मग बोलायला लागला. "म्या म्हनलं, मला जमत न्हाय. ते म्हनले, एक घोट घे, जमंल. म्हनलं, घरी वास येईल. तर एकानं खिशातनं वेलचीच काढली. म्हनलं, पोट दुखतंय. तर म्हनले, ह्यानंच बरं व्हतंय." आबा, मला हसूच फुटलं, आणि हसता हसता अंगावर काटा आला. बुंदीची जागा वेगळी असते म्हणणारा तुमचा आवाज मला तिथं ऐकू आला. माझं पोरगं पंगतीत बसलेलं होतं आणि एकेक कारण देत होतं, आणि वाढपी एकेक उत्तर काढत होते.

मग मी त्याला तुमचं सगळं सांगितलं. वगराळं, डॉक्टर, वरच्या वाडीचं लग्न. मनगटावरचा डाग त्यानं शंभरदा पाहिला होता पण कशाचा ते कधी विचारलं नव्हतं. त्यानं मधेच विचारलं, "आजोबा प्यायचे का?" मी खोटं बोलणार होते. पण तुमचं नाव काढून खोटं बोलवेना. सांगितलं की शिमग्याला घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी आईपुढं मान वर करायचे नाहीत. पण लग्नात कधी नाही. मंडपामागं माणसं बोलवायची, ये की आबा, बस जरा, आणि तुम्ही बादली उचलून म्हणायचात, "आलोच, एवढी पंगत वाढतो." तुमची पंगत कधी संपायचीच नाही. हे त्याला फार आवडलं. मी पण रंगात आले, हात कसा ठेवायचा, शेजाऱ्याशी कसं बोलत राहायचं, ताटावर हात धरून करून दाखवलं, आणि बोलता बोलता त्याच्या ताटात तव्यावरची भाकरी टाकली.

"आई, मी आत्ता नको म्हनलो."

"अरे, अर्धीच खा."

"ते पन हेच म्हनत्यात," तो म्हणाला. "अर्धाच घे."

चिडून म्हणाला असता तर मी परतून बोलले असते, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पण तो सहज म्हणाला, भाकरीकडे बघत. मग म्हणाला, "ह्या घरात माजं नको कुनी ऐकलंय का कवा? मंग भाईर म्या ते कसं म्हनायचं?" सोळा वर्षं मी त्याच्या प्रत्येक नकोवर वाढत आलेय. दूध नको म्हटलं की अर्धा पेला, स्वेटर नको म्हटलं की निदान मफलर, भाकरी नको म्हटलं की चतकोर. माया म्हणूनच वाढलं ना मी. तुमची लेक आहे मी, दुसरं मला येतंच काय? पण तुमच्याकडून मी आग्रह तेवढा उचलला आणि थांबायचं तुमच्यापाशीच ठेवून आले. मी त्याच्या ताटातली भाकरी परत घेतली आणि स्वतः खायला बसले.

आमचं त्या दिवशी ठरलं. हात आडवा आला की ह्या घरात वाढायचं थांबायचं, मग काहीही असो. सांगायला सोपं आहे. पहिले काही दिवस माझा हात असा शिवशिवायचा की मी भाकरीची दुरडी लांब ठेवायला लागले. तुमचे जावई चिडवायचे, "काय गं, आजारी हायेस का? तिसरी वाढली न्हाईस."

वाढदिवसाला पाठवायचं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आज अडवलं तर उद्या न सांगता जाईल, आणि "आमी बसनार हाय" एवढं पण मला सांगणार नाही. पोराला एवढंच बजावलं की कुणाच्या गाडीवर बसायचं नाही, एसटी नसेल तर फोन करायचा, कसल्या का अवस्थेत असेना. बाप टेम्पो घेऊन येईल आणि कुणी ओरडणार नाही. ह्या शेवटच्या वाक्याला ह्यांनी कुरकुरत मान हलवली, मोबाईल पण परत दिला. पोरगं गेलं. मी डब्याच्या भाजीत दोनदा मीठ टाकलं आणि सगळी भाजी नव्यानं करावी लागली.

दिवेलागणीला तो फाट्यावर एसटीतून उतरून चालत आला. दारात आला तसा वास आला. हे खाटेवरून उठलेच. तो तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "हातावर ओतली." तो सांगायला लागला. प्लास्टिकचा ग्लास त्याच्या हातात दिला, त्यानं त्यावर डावा हात आडवा ठेवला आणि शेजारच्याशी क्रिकेटवर बोलत बसला. कारण सांगितलंच नाही. एक-दोनदा घे की म्हणून झालं, भाऊ-भाऊ करून झालं, पोरगी आहेस का म्हणून झालं, आणि मग एकानं बाटली उचलून सरळ हातावर ओतली. सगळे हसले. "मंग?" मी विचारलं. "मंग काय, हात न्हाय काढला. बाही भिजली. मंग दुसराच एक त्याच्यावर खेकसला, वाया कशाला घालवतो रं म्हनून. मंग सोडलं मला. मी रस्सा वाढत बसलो."

"चांगली गोष्ट रचलीस," हे म्हणाले. त्यांचं चूक नाही, कुणाही बापाला गोष्टच वाटली असती. नको म्हणणाऱ्याच्या हातावर मुद्दाम कोण ओततं? पण मी म्हटलं, "खरं बोलतोय तो." "तुला कसं कळलं?" मी माझं मनगट त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी डागाकडं पाहिलं, मग पोराच्या बाहीकडं पाहिलं, आणि परत खाटेवर बसले. म्हणाले, "शर्ट बदल, जेवाया बस."

जेवताना मी आमटी वाढायला वाकले आणि त्याचा हात आडवा आला. डाव भरलेला होता. मी थांबले. आमटीचे चार थेंब फरशीवर सांडले, पण थांबले. तोंडात आलेलं "थोडीच" पण गिळलं. पोरगं आपलं खात राहिलं. मग जरा वेळानं त्यानं स्वतःच ताट पुढं केलं, "आई, थोडी आमटी दे." तुम्ही त्या दिवशी असायला पाहिजे होता आबा. मला वाटतं तुम्हाला माझा राग आला असता की पोराला पोटभर वाढत नाही म्हणून, आणि मग हात पाहून तुम्हीही गप्प बसला असता.

हे सगळं लिहून काढलं, पण टाकायचं कुठं? पोराला वाचून दाखवावं असं एकदा मनात आलं होतं, पण ते करायचं नाही, कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. खरं बोलतोय तो, असं मी एवढ्या ठसक्यात म्हणाले ना? दुसऱ्या दिवशी पोरगं कॉलेजला गेल्यावर शर्ट भिजत घालायच्या आधी मी दाराला कडी लावली. कॉलर हुंगली, पुढची बटणपट्टी हुंगली, खिसा हुंगला, उजवी बाही उलटी करून हुंगली. वास फक्त डाव्या बाहीला होता. तिथंच मोरीत बसून मी रडले. मी हुंगलं हे त्याला कळायला नको, तुम्ही पण सांगू नका.